उजव्या हाताला तेल नको

आमच्या परभणीत मालिश म्हणजे कुस्ती असा समज आहे. एक जण पालथा पडला, दुसरा त्याच्या पाठीवर बसला, आणि खालचा "मेलो, मेलो" असं ओरडला, की मालिश चांगली झाली. ओरडला नाही तर पैसे वाया. माझं गिऱ्हाईक उठून बसतं, खांदे फिरवून बघतं आणि संशयानं विचारतं, "ताकद न्हाई का वो तुमच्यात?"

मी म्हणतो, "आहे. पण ती मी घरी ठेवून येतो."

हा धंदा मी बरीच वर्षं करतोय. पन्नाशी ओलांडली, पोट पुढं आलं, पण हात अजून हलका आहे. शिकलो एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. तिथल्या मॅडमनी सुरुवातीला मला पेशंटला हातच लावू दिला नाही. म्हणायच्या, "आधी तोंडानं मालिश करा, म्हणजे विचारा. मग डोळ्यांनी करा. हात सगळ्यात शेवटी." मला बोलायला सांगणं म्हणजे म्हशीला डुंबायला सांगणं. मी विचारत सुटलो, तो अजून सुटलेलाच आहे.

आणि विचारूनही आपल्याकडं सरळ उत्तर मिळेल तर शपथ. एका आडतवाल्याला मी विचारलं, "शेठ, कधी ऑपरेशन झालंय का?"

"छ्या! आपल्याला सुई बी टोचली न्हाई कधी."

सदरा काढला तर गळ्याखालून बेंबीच्या दिशेनं ही लांबलचक शिवण.

"मग हे काय?"

"हे व्हय? हे बायपास हाय. तुमी ऑपरेशनचं इचारलं."

त्यामुळं मी आता एकच प्रश्न तीन तऱ्हेनं विचारतो, आवाज बदलून. असली माणसं माझ्याकडं जास्त येतात. हृदयाची, कॅन्सरची, अर्धांगवायूची, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेली. जोरवाले मालिशवाले त्यांना नको म्हणतात, आणि जे हो म्हणतात त्यांच्यापासून देव वाचवो. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर मी तेलाची बाटली बंद करतो आणि ऑटो बोलावतो. आत रक्ताची गाठ असली तर चोळल्यानं ती सुटून छातीकडं जाऊ शकते. गिऱ्हाईक रुसतं. रुसलेलं गिऱ्हाईक पुन्हा येऊ शकतं, एवढाच मी विचार करतो.

तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जवळच्या पिंगळीहून एका बाईंचा फोन आला.

"भाऊ, मालिशवाले ना तुमी? पाडव्याला सकाळी याल का?"

"वहिनी, पाडव्याला न्हावीसुद्धा दुकान उघडत नाही."

"आमच्या ह्यायला तेल लावायचंय."

पाडव्याला नवऱ्याला तेल बायको लावते. वर्षभर एकमेकांशी धड न बोलणारी जोडपीसुद्धा त्या सकाळी पाटापुरती बोलतात. त्या पाटामागं परक्या पुरुषानं तेलाची वाटी घेऊन उभं राहायचं म्हणजे लग्नात नवरीऐवजी भटजीलाच बोहल्यावर चढवल्यासारखं.

"तुम्हीच लावा की मग," मी म्हणालो.

तिकडं कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "त्यायच्या किडन्या गेल्यात. डायलिसिस चालू हाय. माझ्याच्यानं हात लाववत न्हाई."

मी सांगितलं, पाडव्याचं नंतर बघू, आधी मला माणूस बघू द्या. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि पिंगळीला गेलो.

घर स्टेशनच्या बाजूला, नवं, स्लॅबचं. ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर साठीपुढचे गृहस्थ बसलेले. एका सरकारी कचेरीत बाबू होते, आता रिटायर. कचेरीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, गावही तेच म्हणतं, म्हणून मीही म्हणालो. त्यांनी पेपर खाली केला, मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"या. तुमीच का माझी नवी बायको?"

"अजून होकार दिला नाही. आज नुसतं स्थळ बघायला आलोय."

"साडी नेसून येणार का पाडव्याला, का असंच प्यांटीवर?"

"ते ओवाळणीत काय पडतंय त्यावर आहे."

ते हसले. आतून त्यांची बायको चहा घेऊन आली, कप स्टुलावर ठेवला आणि हात मागं घेतला. तो हात मागं घेणं मी बघितलं. तवा समजून कोणी बोट मागं घेतं तसं.

मग माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. मशीनवर आठवड्यातून तीनदा, परभणीला. साखर आहे. पाय बधिर. रात्रंदिवस अंगाला खाज, कातडी कोरडी. भाऊसाहेब डावखुरे, म्हणून डॉक्टरांनी कामाचा डावा हात मोकळा सोडला आणि उजव्या हातात फिस्टुला केला होता. म्हणजे मनगटाच्या वर एक धमनी आणि एक शीर जोडून टाकतात. धमनीच्या जोरानं शीर फुगते, जाड होते, आणि त्या शिरेत सुया घालून रक्त मशीनकडं नेतात, धुऊन परत आणतात. त्यांनी बाही वर केली. हातावर दोराएवढी जाड शीर वळणं घेत गेलेली. त्यांच्या परवानगीनं मी दोन बोटं नुसती टेकवली. आत घुरघुर चालली होती, मांडीवरच्या मांजराच्या पोटात चालते तशी. ती घुरघुर म्हणजे शीर चालू. ती थांबली तर सगळी कामं टाकून दवाखाना गाठायचा.

"कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"फॉर्मात."

बायको आत गेल्याची खात्री करून ते पुढं झुकले. आणि पहिल्यांदा विनोद न करता बोलले.

"तिला किळस येती माझी. कातडी बघायलाव ना? पापुद्रे पडतेत. अंगाला वास बी येत असंल, मला काय कळतंय? लग्न झाल्यापासून तिनं एक पाडवा चुकवला न्हाई. मागल्या पाडव्याला तेलाची वाटी पाटाजवळ ठेवली आन आत निघून गेली. मी माझ्या हातानं लावलं." मग पेपराची घडी घालत म्हणाले, "यंदा बी तिनं हात लावला न्हाई, तर मशीनवर कशाला जायचं म्हणतो मी. कुणासाठी?"

असं बरेच जण बोलतात आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मशीनवर जातात. पण ज्या माणसाला मरणावरही कोटी सुचते, तो कोटी न करता बोलला की मला धास्ती वाटते.

कप ठेवायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागल्या.

"हाताचं ऑपरेशन झालं तवा डॉक्टर म्हणले, ह्या हातावर ह्यायचं जगणं हाय. दाबू नका, ओझं देऊ नका, त्या हातावर बीपी बी घेऊ नका. आन आठवडा झाला नसंल, झोपेत माझा हात पडला त्याच्यावर. आत कायतरी थरथरलं वो. मी किंचाळून उठले. मला वाटलं, तुटलं कायतरी माझ्या हातानं. तवापासून मी पलीकडच्या खोलीत झोपते." त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले, जसा काही पुरावाच. "ह्या हातानं कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्यात मी. जड हात हाय माझा. एखाद्या दिवशी ती शीर बंद पडली तर मी काय करू?"

आता बघा माझी अवस्था. ओसरीवरचा म्हणतो किळस, ओट्यावरची म्हणते भीती, आणि दोघांच्या मध्ये एक भिंत आणि मी. आणि मी कोण? ज्याच्या पोटात शेंगदाणासुद्धा टिकत नाही तो. बाहेर येऊन मी लगेच सुरू केलं, "भाऊसाहेब, किळस बिळस काही नाही, वहिनींना भीती वाटते..."

"तिनं सांगायला लावलं व्हय?" ते म्हणाले. "वकिली कवापासून करायलाव?"

माझ्या तोंडून ते खरं वाटणार नव्हतं. त्यांच्या कानाला ते कुठल्यातरी हातातून ऐकायचं होतं, आणि तो हात माझा नव्हता.

पण वहिनींच्या हाताला शिकवायच्या आधी डॉक्टरांना विचारणं भाग होतं. मॅडमच्या शिस्तीतलं मी एवढं पक्कं धरलंय, की दुखणं मोठं असेल तर त्या दुखण्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय बाटलीचं झाकण काढायचं नाही. भाऊसाहेबांच्या डायलिसिसच्या दिवशी मी परभणीला सेंटरवर गेलो. रांगेनं मशीन, रांगेनं पलंग, एका पलंगावर भाऊसाहेब, शेजारी वहिनी, आणि सगळ्यांवर नजर ठेवून एक सिस्टर. बाई ठेंगणी, पण आवाज असा की मशीनसुद्धा सरळ चालाव्यात.

"मालिश?" त्या म्हणाल्या. "कुणाची? कुठं? किती जोरात?"

मला बाई फार आवडल्या. माझ्यासारखंच विचारत होत्या.

"हलकी. हा हात सोडून. पाडव्याला."

"ह्या हाताला काही नको. चोळणं नको, तेल नको, उटणं नको. सुया जिथं टोचतो तिथली कातडी स्वच्छ आणि कोरडी पाहिजे. डायलिसिसच्या दिवशी तर अजिबात नको. रक्त गोठू नये म्हणून औषध देतो आम्ही, जरा दाबलं की काळंनिळं पडतं. बीपीही उतरलेलं असतं."

पाडवा मशीनच्या सुट्टीच्या दिवशी येत होता. भाऊसाहेब पलंगावरून म्हणाले, "मी कॅलेंडरवाल्यासंगं बोलून घेतलं होतं."

सिस्टरनी तिकडं लक्षच दिलं नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारून दिलं. ते म्हणाले, हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, खाजेला उलट बरंच वाटेल. बरगड्या आणि पाठीचा कणा दाबू नका, हाडं ठिसूळ झालेली असतात. पायाला सूज वाढली किंवा एकाच पायाला आली, तर हात न लावता आधी इकडं या. बसलेलं सावकाश उठवा.

मग सिस्टर वहिनींकडं वळल्या. "हाताची थरथर रोज बघता ना? कोण बघतं?"

"मीच बघतो," पलंगावरून आवाज आला.

"घरातल्या दुसऱ्या कुणाला यायला पाहिजे. हे झोपेत असले, चक्कर आली, तर? या इकडं, मी दाखवते."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडं बघत राहिल्या. "पुढच्या टायमाला," म्हणाल्या. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मला दिसलं, की त्यांच्या मनात किळसेच्या खात्यावर आणखी एक रक्कम जमा झाली.

पाडव्याला दोन दिवस राहिले असताना मी पुन्हा पिंगळीला गेलो. घरात आता आणखी एक माणूस आलं होतं. भाऊसाहेबांची थोरली बहीण, गंगाखेडची, दिवाळीला भावाकडं मुक्कामाला. आक्का. त्या उंबऱ्यातच भेटल्या आणि त्यांनी माझं स्वागत असं केलं:

"तुमीच का ते, न दाबता पैशे घेणारे?"

"मीच."

"माझ्या भावाच्या अंगात पाणी भरलंय. तिळाचं तेल कढत करायचं आन खालून वर रगडायचं, पाणी उतरतंय. आमचे मालक ऊस कारखान्यावरनं यायचे, पाय हे एवढे. मी रगडून रगडून जाग्यावर आणायचे."

"आक्का, मालकांचं पाणी उभं राहून साचलेलं. ह्यांचं पाणी किडनीनं न काढलेलं. ते मशीनच काढणार, तुमचा अंगठा नाही."

"म्हंजे माझा अंगठा वाया गेला?"

"कुणी सांगितलं? आजच कामाला लावतो."

वहिनी भाकरी करत होत्या. ज्वारीची. मी दारात पाट टाकून बसलो आणि बघत राहिलो. बाई म्हणतात हात जड, आणि भाकरी थापताना तो हात असा फिरत होता की परातीत चंद्र वाढत जावा. त्यांनी भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि पाण्यात बोटं बुडवून वरनं फिरवली.

"थांबा," मी म्हणालो. "आत्ता काय केलंत?"

"पाणी लावलं."

"जोर किती लावला?"

"जोर कशाला लावंल कुणी? भाकर फाटंल की."

"मग पाडव्याला एवढाच हात. भाकरीला पाणी लावायचा. याच्यापुढं नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि तव्यावरची भाकरी जळाली. ती मी खाल्ली, ठेच्याबरोबर.

आता सराव कुणावर करायचा? माझ्यावर करणं शक्य नव्हतं, लोकलज्जा आहे. भाऊसाहेबांवर त्या करेनात. मी आक्कांकडं बघितलं. आक्कांना मी स्वतः हात लावायचा प्रश्नच नव्हता; मी लांब उभा राहून नुसतं सांगणार होतो. आधी दुखणीखुपणी तीन तऱ्हेनं विचारून घेतली. आक्का ठणठणीत निघाल्या, फक्त जिभेला आराम नव्हता. पोटऱ्यांपर्यंत लुगडं घेऊन त्या चटईवर पालथ्या झाल्या.

"कर गं. बघू तरी काय शिकवलंय तुला ह्या पुरुषानं."

मी सांगत गेलो. तळवा पूर्ण टेकवायचा, बोटांची टोकं रुतवायची नाहीत. हात पायाकडून हृदयाच्या दिशेनं सरकवायचा. घाई नको. माणसाच्या चेहऱ्याकडं बघत राहायचं, तोंड सांगतं.

"ह्याला मालिश म्हणतेत?" चटईतून आवाज आला. "मुंग्या चालल्यावानी वाटायलंय."

थोड्या वेळानं, "मुंग्या बऱ्या हायेत पण."

त्यानंतर आवाज आला नाही. घोरणं आलं. वहिनी हात थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या आणि पदर तोंडाशी धरून हसल्या. मी त्या घरात गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"आता भाऊसाहेबांच्या डाव्या खांद्यावर, जरासं?" मी विचारलं.

हसणं बंद. "पाडव्याला बघू. तुमी असा ना तवा?"

पाडव्याच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा दारात रांगोळी, अंगणात पाट, पाटाभोवती पणत्या. भाऊसाहेब पंचा नेसून, खांद्यावर टॉवेल घेऊन बसलेले. त्यांनी मला बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं, की तेल मीच लावणार.

एवढ्यात आक्का आल्या. हातात पदरानं धरलेली स्टीलची वाटी, तीत कढत तिळाचं तेल.

"पायापासून सुरू करू दे मला," त्या म्हणाल्या आणि वाटी भाऊसाहेबांच्या तळपायाजवळ नेली.

मी दोन ढांगांत पाट गाठला, मध्ये घुसलो आणि कोपर वाटीत टेकवलं. त्याच्यापुढं मी जे काही ओरडलो ते पिंगळी स्टेशनवर थांबलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं शिट्टी समजून गाडी सोडली असेल. जरा जास्तच ओरडलो, कबूल. पण त्याशिवाय आक्का ऐकत नाहीत.

"भाऊसाहेब, पायाला काही लागलं का?"

"कशाचं? काय लागायचंय?" त्यांनी पायाकडं बघितलं. वाटीतलं तेल हिंदकळून दोन थेंब अंगठ्याजवळ पडले होते, तिथं लाल झालं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी त्यावर गार पाणी ओतत राहिलो. नशीब, थेंबच होते. फोड आला नाही. आक्कांचा चेहरा उतरला. "त्यायला कळलंच न्हाई?" त्या हळूच म्हणाल्या आणि वाटी स्वतःच आत घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा खोबऱ्याचं तेल होतं, गारच. पण बाई एका मुद्द्यावर हरली की दुसऱ्यावर उभी राहते.

"तेल उजव्या हातापासून लावतेत आमच्यात. डोक्याच्या बी आधी. बाबांना आई तसंच लावायची."

"आक्का, उजव्या हाताला तेल चालत नाही," मी म्हणालो. "डाव्यापासून करू. देवाला मी समजावतो."

"डाव्यापासून? सणाच्या दिवशी? मग लावूच नका!"

"राहू दे आक्के," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "उजवा न्हाई आन डावा न्हाई. तिला किळस येती माझी. मालिशवाले, तुमी लावा आन मोकळे व्हा."

वहिनी दारात आरतीचं तबक घेऊन उभ्या. त्यांनी तबक जमिनीवर ठेवलं, इतकं हळू की निरांजनाची वात हलली नाही.

"काय म्हणले तुमी? किळस?"

भाऊसाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल पुढं ओढला.

"तुमच्या उलटीची भांडी मी धुतली. चादरी धुतल्या. वाटीनं पाणी मोजून देते, तुमी नळाला तोंड लावताव का म्हणून बाथरूमच्या दाराशी उभी ऱ्हाते. आन किळस?" त्यांचा आवाज चढत गेला. "मला भ्या वाटतंय! माझा हात लागला आन ती शीर बंद पडली तर? तुमी गेलाव तर लोक म्हणतील, बायकोनं मारला. लोकांचं जाऊ द्या, मी काय म्हणू मला?"

"हे कवा सांगितलं मला?"

"तुमी कवा इचारलं? तुमी तर मालिशवाल्याला इचारायलाव!"

मी पिशवीच्या बंदाकडं लक्षपूर्वक बघत होतो. एखाद्या नाटकात चुकीच्या अंकात शिरलेल्या पात्रासारखं.

वहिनी पाटाजवळ आल्या. आक्कांनी तेलाची वाटी पुढं केली, त्यांनी ती बाजूला सारली. बाहेरच्या नळावर साबण लावून हात धुतले, पदराला कोरडे पुसले, मग खाली बसल्या. आणि त्यांनी तो कोरडा हात नवऱ्याच्या उजव्या हातावर ठेवला. भाकरीला पाणी लावताना ठेवतात त्याहूनही हलका. त्यांनी डोळे मिटले.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. डोळे उघडले. "आवं, हे तर मोटारीच्या पायपावानी लागायलंय. रानात पाणी आलं का बघायला आमी पायपावर हात ठेवायचो, तसंच. आत पाणी पळायलंय."

"मग?" भाऊसाहेब म्हणाले. "मग काय, बंद असतं तर मी इथं बसलो असतो व्हय?"

"तुमचं काय, तुमी बसलाव बी असता. तोंड तर चालूच असतं."

आक्कांनी कंबरेवर हात ठेवून निकाल दिला: "झाली सुरुवात उजव्यापासून. तेलाचंच पाहिजे असं कुठं लिव्हलंय? आता लाव डाव्याला."

वहिनींनी वाटी घेतली. आधी स्वतःच्या कोपराला लावून बघितलं. मग डाव्या हाताला, मानेला, पाठीला. बरगड्यांवर हात आला की आपोआप हलका व्हायचा. कोरड्या कातडीवर तेल जिरत गेलं तसे भाऊसाहेबांचे खांदे खाली आले. उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा, वेगळा ठेवला होता, पाहुण्यासारखा.

"जरा जोरात की," ते म्हणाले. "माशी बसल्यावानी करायलीस."

"गुमान बसा."

"खाज तिथं न्हाई, खाली हाय."

"इथं?"

"अजून खाली. हां. हां... तिथंच."

मी एक सूचना करायला तोंड उघडलं. "वहिनी, पायाकडून..."

"भाऊ," त्या मागं न बघता म्हणाल्या, "तुमी जरा वसरीवर बसता का? आक्का, त्यायला फराळाचं द्या."

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला पेशंटपासून हाकललं जाण्याची ही पहिलीच वेळ. मी ओसरीवर बसलो. आक्कांनी चिवडा आणि करंज्या आणून ठेवल्या आणि समोर ठाण मांडून, पोटऱ्या चोळत, चिवडा मी संपवतोय का नाही ते बघत बसल्या. अंगणाकडं माझी पाठ होती, पण कान नव्हते पाठमोरे.

"डोळ्यात तेल जाईल, मिटा की."

"मिटले तर तू दिसणार न्हाईस."

"लय झालं. आता उठा. दमानं. आधी माझा खांदा धरा."

"कोणता?"

"कोणता बी धरा हो, एकदाचा धरा!"